लोखंड बाहेर!

हिराजी सरांच्या घरात शिरायचं तर आधी अंगावरचं लोखंड उतरवावं लागतं. दाराशी एक प्लास्टिकचं घमेलं ठेवलेलं असतं. किल्ल्या, साडीच्या पिना, केसांचे आकडे, मोबाइल, सगळं त्यात टाकायचं. मंगळसूत्र चालतं. "सोन्याशी माझं भांडण नाही, शोभाताई!" सर ओरडून सांगतात. सर सगळंच ओरडून सांगतात, कारण त्यांना स्वतःचंही ऐकू येत नाही. बापाचे कापड विणायचे लूम घरातच होते. त्या खडखडाटात सर वाढले, शिकले, कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले, आणि कान मात्र लूमला देऊन बसले. आता समोरच्याचे ओठ वाचून भागवतात. आमच्या या लूमच्या वस्तीत, कामतघरात, कान गेलेली माणसं गल्लोगल्ली सापडतील, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण घमेलं एकट्या सरांच्याच दारात.

गॅसवाला सिलिंडर घेऊन आला की आतून आरोळी येते, "लोखंड बाहेर!" तो एकदा वैतागून म्हणाला, "सर, प्लास्टिक का सिलिंडर कहाँ से लाऊँ?" पायात सळई बसवलेले पवारभाऊ सत्यनारायणाचं बोलावणं करायला आले, तर त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. पाय काही घमेल्यात काढून ठेवता येत नाही ना!

आता गंमत ऐका. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली अडकित्ता ठेवतात. का, तर लोखंड जवळ असलं की भूत फिरकत नाही. मग जो माणूस लोखंडच घरात येऊ देत नाही, तो कुणाची सोय बघतोय? गल्लीनं अर्थ लावून टाकला: लग्न न केलेल्या या माणसानं घरात काहीतरी पाळलंय. बायका त्यांच्या दारावरून जाताना पदर घट्ट धरायच्या. मी भुताखेतांना मानत नाही. घाबरते, ती गोष्ट वेगळी.

एकदा दिवेलागणीला वालाचं बिरडं घेऊन गेले. पिना काढल्या, आकडे काढले, केस मोकळे सोडून आत शिरले. त्या अवतारात मीच हडळ दिसत असणार. आत दिवा नव्हता, दारातून येईल तेवढाच उजेड. समोरच्या भिंतीवर लाल उजेडाचे पट्टे होते, उभे, बारीक, एकाशेजारी एक. टेबलावरून केसासारखी काचेची तार निघून दुसऱ्या, शेजारच्या घराला लागलेल्या मधल्या भिंतीपर्यंत गेलेली.

"हे काय हो सर?"

"चुंबक मोजायचं यंत्र!" सर खुशीत आले. "इंटरनेटवाले टाकून गेलेली तार आहे. उजेड दोन वाटांनी जातो आणि पुन्हा एकत्र येतो, त्याचे हे पट्टे. एका वाटेवरची तार एका धातूच्या पट्टीला चिकटवलीय. जवळपास चुंबक जागं झालं की ती पट्टी इवलीशी ताणली जाते, तिच्याबरोबर तारही, की पट्टे हलले!"

"त्यासाठी होकायंत्र नाही का चालत?"

"छे! झपाट्यानं उलटंपालटं होणारं चुंबक असलं तर सुई बिचारी गोंधळून जागच्या जागी बसते. ही तार हळवी आहे, म्हणून तर लोखंड बाहेर!"

बाहेर गल्लीभर लूम खडखडत होते, दुसरा आवाज वेगळा कळत नव्हता, पण पट्टे ढिम्म. "ते लांब आहेत," सर म्हणाले. "लांबचं हिला कळत नाही." मग ते पट्ट्यांकडे टक लावून बघत बसले. मलाही उठवेना. घरात आम्ही दोघंच. कुणी हललं नाही, कुणी काही लावलं नाही. आणि एकाएकी पट्टे शहारले! थंडी वाजल्यागत थरथरले, एकमेकांत मिसळले, सगळी भिंत लाल धुरकट झाली. सर खुर्चीत मागे टेकले आणि अगदी हळू म्हणाले,

"आहे."

सदान्‌कदा ओरडणारा माणूस एवढ्या हळू बोलला! कोण आहे, हे विचारायला मी थांबले नाही. बिरड्याचं भांडं, पिना, आकडे सगळं टाकून घर गाठलं. आधी देवापुढं दिवा लावला.

दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी सर माझ्या दारात उभे. चेहरा पांढराफटक.

"शोभाताई, आज नाही हो. अजून नाही."

"बरं झालं गेलं ते! ब्याद टळली."

सरांनी माझे ओठ वाचले आणि त्यांचे डोळेच भरून आले. "असं म्हणू नका. बाळाराम आहे तो."

बाळाराम म्हणजे सरांचा धाकटा भाऊ, त्या मधल्या भिंतीपलीकडे राहणारा. बाप गेल्यावर लूमच्या वाटणीवरून दोघांचं वाजलं, घराच्या मधोमध भिंत उठली आणि अबोला धरला तो धरलाच. बाळारामची बायको वारली, मुलं कल्याणला गेली. एक लूम तेवढा उरला, तोही भिंतीला लागूनच.

"रोज दिवेलागणीला लूमची मोटार लावतो, की तिचं चुंबक जागं होतं. मला ऐकू येत नाही, म्हणून हे सगळं. मोटार लागली म्हणजे तो धड आहे. तुम्ही जाऊन बघा ना."

"तुम्ही जा की! चार पावलांवर तर आहे."

"तो बोलत नाही माझ्याशी."

मी कपाळावर हात मारला आणि गेले.

दार लोटलेलं होतं. बाळाराम बाजेवर तापानं फणफणलेला, उठायची ताकद नव्हती. कोपऱ्यात लूम. मी बघतच राहिले. त्यावर सुताचा एक धागा नाही, कापडाची चिंधी नाही. नुसता सांगाडा.

"काका, सूत कुठंय?"

"कवाच संपला. भंगारवाला मागं लागलाय, म्या देत न्हाय."

"मग रोज मोटार कशाला लावता?"

तो भिंतीकडे बघून म्हणाला, "त्याला ऐकू येत न्हाय ना. मोटार चालू ठेवून खिडकीतून पायलं मी एकदा, तिच्यानं हलणारा लाल उजेड बघत बसतो माझ्यासाठी. मी हाय, ह्ये त्याला कळाया नको? शोभे, तेवढा बटन दाब. जीव खालवर झाला असंल त्याचा."

"मी नाही दाबणार!" मला रडू आणि राग एकदमच आला. "म्हातारे झालात दोघं, काय हा पोरखेळ!"

मागून खोकला ऐकू आला. सर उंबऱ्यात उभे होते. केव्हा आले कोण जाणे, पण नजर बाळारामच्या ओठांवर खिळलेली.

"ताप आहे का विचारा त्याला!" सर माझ्यावर ओरडले.

"सांग त्याला, हाय थोडा."

"जेवलाय का विचारा!"

"तुम्हीच विचारा," मी म्हटलं आणि बाजूला झाले.

सर लोखंडाच्या त्या सांगाड्याला वळसा घालून बाजेवर टेकले. त्यांनी भावाच्या छातीवर तळहात ठेवला आणि भिंतीकडे बघतात तशी नजर लावून कितीतरी वेळ बसून राहिले.

"आहे," ते हळूच म्हणाले.

"हाय रं दादा," बाळाराम म्हणाला. "हाय."

मी डॉक्टरांना बोलवायला बाहेर पडले.