सातवा ठिपका

चष्मेवाला बाल्कनीत चहा पीत असताना समोरच्या कुंडीवर एक काळा पतंग येऊन बसला. भर दिवसा हिंडणारा पतंग, पंखांवर पांढरे ठिपके. दुकानात दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घेणाऱ्या चष्मेवाल्याने सवयीने ठिपके मोजले. सात. घरातल्या पतंगांच्या पुस्तकात या जातीला सहाच होते. परत मोजले. सातच.

त्याने पतंगांच्या अभ्यासक बाईंना फोटो धाडला. लगेच फोन आला.

"सात ठिपक्यांचा कुणी पाहिलेलाच नाही! नवी जात निघाली तर तुमचं नाव देऊ. रविवारी येते. तोवर अधिवास जसाच्या तसा ठेवा. पानसुद्धा हलवू नका."

चष्मेवाल्याने त्याच मिनिटाला बाल्कनी सगळ्यांना बंद केली.

"आणि कपडे कुठे वाळत घालू?" बायकोने विचारलं. "तुझ्या नावावर?"

खरी पंचाईत झाली सासऱ्यांची. निवृत्तीनंतर हौसेने काढलेलं कठडा रंगवायचं काम अर्ध्यावर अडकलं.

"जावईबापू, अर्धा कठडा पांढरा, अर्धा गंजका. खालून लोक काय म्हणतील?"

"बाबा, विज्ञानासाठी एवढं सोसा."

सासऱ्यांनी चक्क मान डोलावली आणि रंगाचा डबा उचलला. एरवी ते मिठाच्या बरणीवरूनही तासभर वाद घालत. पण चष्मेवाला अजरामर होण्यात गुंतला होता. शनिवारी दुकानातून परतल्यावर त्याने काचेआडून दुर्बीण लावली आणि ओरडला, "नऊ!"

रविवारी काळा कोट घातलेल्या बाई भिंग घेऊन हजर झाल्या.

"अकरा," त्या म्हणाल्या. "उत्क्रांती इतकी घाईत नसते हो."

मग त्यांनी पानं पाहिली. पानांवर ठिपके. कुंडीवर ठिपके. शेजारच्यांचं काळं मांजर तिथे झोपलं होतं, त्याच्यावरही ठिपके.

तेवढ्यात बायकोने बंदी मोडून वाळत घातलेल्या चादरीपलीकडून फटकन आवाज आला. ब्रश डब्यात बुडवला की एक झटका द्यायची सासऱ्यांची जुनी सवय. बाईंनी शांतपणे स्वतःच्या कोटाकडे पाहिलं.

"सहा," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी नेहमीचीच जात."

त्यांनी वहीत लिहिलं: 'जात साधी. अधिवास: सासऱ्यांच्या ब्रशच्या टप्प्यात.'

"आणि माझं नाव?" चष्मेवाल्याने क्षीण आवाजात विचारलं.

"ते राहू द्या. तुमच्या दुकानात डोळे तपासतं कोण?"

चादर बाजूला झाली. हातात ब्रश घेऊन सासरे उभे होते.

"बाई, जरा सरकता का? अजून दुसरा हात द्यायचाय."