मूत्राशय पूर्ण भरल्याबाबत

निवृत्त हेडक्लार्क मधुसूदनरावांना पोटाच्या सोनोग्राफीसाठी अकरा जूनला सकाळी अकरा वाजता सरकारी इस्पितळात हजर राहण्याचे पत्र आले. साल सत्त्याऐंशी, नागपुरात मशीन नवे, तारखा दुर्मिळ. पोटातल्या कळांनी तीन महिने ते वाकून चालत होते, आणि ऑपरेशन करायचे की नाही हे या तपासणीवर ठरायचे होते. पत्राखाली सूचना होती: 'उपाशीपोटी यावे. एक तास आधी सहा ग्लास पाणी पिऊन मूत्राशय पूर्ण भरलेले ठेवावे. रिकामे आढळल्यास पुढील तारीख घ्यावी.' पुढील तारीख दिवाळीनंतरची होती.

तेहेतीस वर्षे आरोग्य खात्यात काढलेल्या माणसाने छापील सूचनेवर विश्वास ठेवू नये. मधुसूदनरावांनी ठेवला. ठीक दहा वाजता, घड्याळ समोर मांडून, त्यांनी पत्नी यमुताईंच्या हातून सहा ग्लास घेतले आणि रिक्षात बसून प्रत्येक खड्ड्याआधी रिक्षावाल्याला हात जोडत इस्पितळ गाठले.

अकराला कळले की मशीनला आधी थंड हवा लागते. बाराला हवा थंड झाली. तोवर डॉक्टर मीटिंगला गेले होते. बाकावर शेजारी काटोलच्या रुखमाबाई भरला तांब्या मांडीवर घेऊन निवांत बसल्या होत्या.

"तुम्ही पाणी प्यायलात?" मधुसूदनरावांनी दात आवळून विचारले.

"आत्ताच काहून पिऊ गा, भाऊ? डाक्टरची गाडी फाटकात आली का पितो."

"पण पत्रात अकरा लिहिलंय!"

"तुम्ही कोठं नोकरीले होते?"

"सरकारी."

"अन् तरी अकरा म्हणजे अकरा समजून राहिले?" रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला.

एक वाजता मधुसूदनराव उठले. उठावेच लागले. मुतारीला कुलूप होते. किल्ली शिपाई धोंडबाकडे, आणि धोंडबापुढे रजिस्टर: नाव, वेळ, कारण, सही.

"हा कोण्या गाढवाचा नियम आहे?"

"खात्याचा हाये, साहेब. नळाच्या तोट्या चोरीले जातेत म्हणून. ते पाहा, परिपत्रक भिंतीवर."

परिपत्रक चौऱ्याहत्तर सालचे होते. मसुदा कोणाचा, हे मधुसूदनरावांना पहिल्याच ओळीतल्या 'निदर्शनास आले आहे की' वरून ओळखू आले. त्या मसुद्यासाठी साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती.

त्यांनी पाय आवळत कारण लिहिले, सही केली आणि आत धावले. बाहेर आले तेव्हा जग सुंदर होते, डॉक्टरांची गाडी फाटकात शिरत होती आणि रुखमाबाईंनी तांब्या तोंडाला लावला होता.

"मला शेवटी घ्या," मधुसूदनरावांनी खिडकीवरच्या ताराचंद बाबूला विनवले. "तासाभरात पुन्हा भरतो."

ताराचंदने रजिस्टर मागवले, वाचले, त्यांच्यासमोर उलटे फिरवले. "रिकामे झाल्याची लेखी नोंद आहे, काका. सही तुमचीच."

"अहो, पाणी प्यायलो की भरेल ना!"

"भरेल. पण भरल्याची नोंद करायला रकानाच नाही."

मधुसूदनरावांनी रजिस्टरवर एक जाणकार नजर टाकली. कळ आली तसे पोट धरले. "बरोबर आहे," ते पुटपुटले, "रकाना माझ्याकडूनच राहिला," आणि अठरा नोव्हेंबरची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. वेळ: सकाळी अकरा.

तासाभराने रुखमाबाईंचा पुकारा झाला.

वाचणाऱ्याने हसायला हरकत नाही. फक्त कुठल्यातरी कचेरीचा जो कागद तुमच्या खिशात आहे, तो एकदा काढून पाहावा. वेळ अकराचीच असेल. आणि तुम्ही पाणी केव्हाच पिऊन बसला असाल.