आत्याचे न मोडणारे कटलेट

रविवारी सकाळी ओट्यावर दोन सारखी पातेली शेजारी शेजारी बसली होती. एकाच्या झाकणावर चिकटपट्टी लावून ‘जेवण’ असं लिहिलं होतं, दुसऱ्याच्या झाकणावर ‘कला’. अक्षर आत्याचं, औषधाच्या बाटलीवर असतं तसं ठसठशीत.

आत्या म्हणजे मोठ्या रुग्णालयातली निवृत्त मेट्रन. तिच्या चपलांचा नुसता आवाज आला की अख्खा वॉर्ड सरळ बसायचा, आणि दुखायला लागलं की त्याच चपलांची वाट बघायचा. निवृत्तीनंतर ती भाचा आणि भाचेसून यांच्याकडे राहायला आली आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी तिने तीन संकल्प जाहीर केले. आठवड्याला एक पुस्तक वाचायचं. झाडापासून मिळेल तेवढंच शिजवायचं. दूध, तूप, अंडी, मटण सगळं बंद. आणि हाताने काहीतरी घडवायचं. संकल्प आपणही करतो. पण आपण ते सोडतो तेव्हा कुणाला पत्ता लागत नाही, आणि आत्याने धरले हे भाच्याला दुसऱ्या दिवशीच्या चहातच कळलं.

या संकल्पांवर विश्वास नव्हता तो फक्त डॉक्टरीणबाईंचा. उभी नोकरी दोघींनी एकाच वॉर्डात काढलेली.

“सिस्टर, तुम्हाला घरी करमायचं नाही,” डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या. “नव्या मुलींना शिकवायला परत या.”

“मला मस्त करमतंय.”

“मग रविवारी राउंडला येते तुमच्या घरी. तिन्हीपैकी एक जरी संकल्प ढिला दिसला, तर सोमवारपासून कामावर. कबूल?”

“कबूल. जेवायलाच या.”

फोन ठेवल्यावर मात्र आत्या लगेच रविवारच्या तयारीला लागली. घंटा वाजली की धावायचं, यातच तिचं आयुष्य गेलं होतं. आता कुठे सकाळ तिच्या मालकीची झाली होती, आणि ती तिला कुणालाही परत द्यायची नव्हती.

म्हणून तर ही पातेली. एकात मसूर, ओट आणि मशरूम वाटून केलेलं कटलेटचं सारण. दुसऱ्यात भिजवून कुटलेला कागदाचा लगदा. त्यात कणकेची खळ, मीठ आणि कीड लागू नये म्हणून मेथीची पूड. दोन्ही करडे, दोन्ही घट्ट. लेबल भांड्यावर लावायचं, झाकणावर कधीही नाही, हा धडा आत्याने नर्सांच्या कित्येक पिढ्यांकडून घोटून घेतला होता. पण पातेली ओली होती, चिकटपट्टी बसेना आणि डॉक्टरीणबाई यायची वेळ झाली होती. घरातल्या घरात काय होतंय, म्हणून आत्याने लेबलं झाकणांवर लावली आणि ती अंघोळीला गेली.

भाच्याचं चष्म्याचं दुकान. लोकांना तो लांबचं-जवळचं सगळं दाखवायचा, पण भूक लागली की त्याला स्वतःला पातेल्यापलीकडचं काही दिसत नसे. त्याने दोन्ही हातांनी दोन्ही झाकणं उचलून बाजूला ठेवली, एका पातेल्यात बोट बुडवलं आणि चाखलं. खारट, कडवट, जरासं ओल्या वर्तमानपत्रासारखं.

“गुरुवारच्यापेक्षा बरंच जमलंय,” तो मनाशी म्हणाला.

तेवढ्यात चपला वाजल्या. भाच्याने हाताला येईल ते झाकण समोर येईल त्या पातेल्यावर ठेवलं, तोंडावरून मनगट फिरवलं आणि तो पसार झाला.

आत्याचे कटलेट आजवर तव्यावर विस्कटायचे आणि घरचे ते बिनबोभाट चमच्याने खायचे. आज एक मोडेल तर शपथ.

“सूनबाई, बघ गं! विटेसारखे झालेत.”

“हात बसला हो आत्या तुमचा!” सुनेला खरोखर कौतुक वाटलं.

मग आत्याने दुसऱ्या पातेल्यातला ‘लगदा’ दोन वाडग्यांवर बाहेरून थापला. आज तो जरा भुसभुशीत वाटला, पण तिने दाबून दाबून दोन सुबक कुंड्या बसवल्याच. एक बाल्कनीत उन्हात ठेवली, दुसरी, तिथे जागा उरली नाही म्हणून, आत फळीवर.

डॉक्टरीणबाई आल्या, पानावर बसल्या. आत्याने सगळ्यांना गरम कटलेट वाढले आणि स्वतः वाढायला उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी घास घेतला. चावला. आणखी चावला. भाचा आणि सून त्यांच्याकडे बघत तेच करत होते.

“कसे झालेत?” आत्याने विचारलं.

“फायबर… भरपूर आहे,” डॉक्टरीणबाई घास एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाल्या.

“पचायला अगदी हलके. आणखी एक वाढू?”

“नको! आधी हा… होऊ दे.”

तेवढ्यात बाल्कनीत कावकाव सुरू झाली. सून घास तोंडात धरूनच धावली आणि तशीच ओरडली, “आत्या, कावळे तुमची कुंडी खातायत!”

“कागद कशाला खातील मेले?”

“सिस्टर,” डॉक्टरीणबाईंनी उरलेला कटलेट डोळ्यांजवळ नेला होता, “यावर काहीतरी छापलंय.”

आत्याने कटलेटकडे पाहिलं, बाल्कनीकडे पाहिलं आणि मग झाकणांकडे पाहिलं. पुढच्याच क्षणी ती वॉर्डात उभी होती.

“कुणी गिळायचं नाही. थुंका. चुळा भरा. चला!”

तिघांनी मुकाट्याने रांग लावली. रांगेत पहिल्या डॉक्टरीणबाई होत्या.

परत येऊन त्या खुर्चीत टेकल्या. कटलेटवरचा नीट न भिजलेला तुकडा त्यांनी पुन्हा निरखला. “हे तर मी तुम्हाला निरोपाच्या दिवशी दिलेलं पुस्तक! निवृत्तीनंतर आनंदात कसं जगावं, ते! स्वयंपाक कागदाचा, कुंडी कावळ्यांच्या पोटात आणि माझं पुस्तक न वाचताच भिजत घातलंत. सिस्टर, तिन्ही बोंबलले. सोमवारी सकाळी या.”

आत्या टेबल पुसत होती. तिचा हात थांबला नाही. “काय छापलंय त्यावर?”

“‘माणसाला रिकाम्या वेळेची भीती वाटते, कारण’… इथे कटलेट संपला.”

“‘कारण तेव्हा त्याला स्वतःच्याच सोबतीला बसावं लागतं.’ चौथ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य. दोनदा वाचलं मी ते पुस्तक. घ्यायचं ते घेतलं, मग उरला तो कागदच ना?”

डॉक्टरीणबाईंनी कटलेट हळूच ताटात ठेवला. आत्याने फळीवरची कुंडी काढली, मोडून तव्यावर टाकली, वर कांदा आणि मिरची घातली. घरभर असा वास सुटला की बाल्कनीतले कावळेसुद्धा गप्प झाले. डॉक्टरीणबाईंनी कुंडी तीनदा मागून घेतली.

“आत्या, कुंडी अप्रतिम झालीये!” भाचा म्हणाला, आणि या वर्षात पहिल्यांदाच ते खरं होतं.

सून ताटं उचलताना एक कटलेट खाली पडला. मोडला नाही, टवका उडाला नाही, घरंगळत दारापर्यंत गेला. डॉक्टरीणबाईंनी तो उचलला आणि बोटाने टकटक वाजवून पाहिलं.

“काय मजबूत काम आहे हो! रंग दिला तर कपाखाली ठेवायला छान होईल.” बराच वेळ त्या तो हातात फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “सिस्टर, जूनमध्ये मीही निवृत्त होतेय.”

“माहितीये.”

“भीती वाटते हो.”

“माहितीये. म्हणून तर मला परत बोलावत होतात.”

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले, चष्मा पुसला आणि पर्समधून पेन काढलं. “बरं, लगदा किती वेळ भिजवायचा?”

“रात्रभर. रविवारी या, दाखवते.”

“येते. पण एक सांगा, झाकणं बदलली कशी?”

भाचा बाल्कनीतले कावळे मोजायला लागला.

“लेबल झाकणावर लावलं मी,” आत्या शांतपणे म्हणाली. “चूक माझी. दुसऱ्या कुणाची नाही.”

भाच्याला भरून आलं. एवढी मोठी बाई, आणि आपल्यासाठी सगळं अंगावर घेते! त्याला राहवलं नाही. तो पुढे झाला, घसा खाकरला आणि म्हणाला, “आत्या, खरं सांगायचं तर…”

“सांग हो बाळा,” आत्या म्हणाली. “पण आधी मिशीवर वाळलेली कला पुसून घे.”