शापावरचा उतारा

प्रेमाला लागलेला शाप कसा उतरवायचा, हे अख्ख्या धुळ्यात फक्त मला ठाऊक होतं! निदान त्या श्रावणात मी तसं समजत होतो.

शेजारच्या लोटननानांच्या कुंदानं वाचनालयातून एक कादंबरी आणली होती. तीन देखण्या चेटकिणी बहिणी, आणि घराण्याला शाप असा, की त्यांना जीव लावणारा पुरुष हातचा जायचाच. वाचून झाल्यावर ती मला देत कुंदा म्हणाली, "आमच्याच घरचं लिहिलंय. दोन्ही आत्यांची लग्नं साखरपुड्यानंतर मोडली. आता माझी पाळी."

हसत म्हणाली, पण मला ते हसणं खरं वाटलं नाही. कुंदा मला आवडायची. मी तिला आवडायचो. गुरुवारी माझे झुलालमामा चाळीसगावहून रीतसर मागणी घालायला येणार होते. म्हटलं, त्याआधी हिच्या मनातली भीती काढून टाकावी.

उतारा कादंबरीतच होता. नायकानं चेटकिणींच्या चुलीवरचा घास, कुणी न देता, सगळ्यांदेखत खायचा. खाण्याच्या कामात मी कधीच मागे हटलेलो नाही.

सोमवारी नानांकडची मंडळी घरी बसवलेली कानबाई देवी पांझरा नदीत बोळवून आली आणि जेवायला बसली. मी थेट आत शिरलो. नानांच्या ताटातला जाड पोळीसारख्या रोटाचा तुकडा उचलला, खिरीत बुडवला आणि कुंदाकडे बघत गिळला. चव छान होती.

कुंदाच्या आई, प्रमिलाकाकू, वाढता वाढता थांबल्या.

"हाई काय करं रे तू, पितांबर?" नाना म्हणाले. "कानबाईना रोट शे तो. फक्त भाऊबंद खातस."

"मग काय झालं, नाना?"

"आते तू आमना भाऊबंद व्हयना. कुंदाना भाऊ."

मी वरणगावला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलो, आमच्याकडे कानबाई बसत नाही, हे सांगून पाहिलं. घास बाहेर काढू का, असंही विचारलं. त्यावर धाकट्या आत्या डोळ्यांना पदर लावून उठून गेल्या. कुंदा मात्र जागची हलली नाही. "मला एकदा विचारायचं तरी," एवढंच म्हणाली. ते अजून माझ्या कानांत आहे.

गुरुवारी मामा आले. वरण-बट्टी जेवले, नानांशी कपाशीवर बोलले आणि परत गेले.

आणि त्याच आठवड्यात राखीपौर्णिमा! नानांनी मला पाटावर बसवलं. कुंदानं राखी बांधली. गाठ काही नीट बसेना. कादंबरीतल्या नायकाला शाप भोगायला तीनशे पानं लागली होती, मला एक घास पुरला.

ओवाळणी काय घालावी ते सुचेना. मी तीच कादंबरी ताटात ठेवली.

कुंदानं ती उचलून माझ्याकडे परत सरकवली.

"ही वाचनालयाची आहे," ती म्हणाली. "जाताना तेवढी परत करून ये, दादा."