वाळिंब्यांचं दोन पानी उत्तर

श्यामसुंदर वाळिंब्यांच्या इंग्रजीला अख्ख्या शनिवार पेठेत तोड नव्हती. निदान वाळिंब्यांचं तरी तसं मत होतं! बत्तीस वर्षं सरकारी पत्रव्यवहार केलेला. त्यामुळे मुलगी ऋचा स्कॉटलंडच्या ज्या विद्यापीठात शिकत होती, तिथून मेल आला तेव्हा ते सत्यनारायणाला बसल्यासारखे कॉम्प्युटरपुढे बसले.

"मुलगी सध्या कशी वाटते, असं विचारलंय," त्यांनी बायकोला सांगितलं. "शिष्यवृत्ती देतायत वाटतं!"

"अहो, आधी तिला विचारा की," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"तिला काय कळतंय!"

दोन पानं झाली. ऋचा लहानपणीही रडली नाही. ती न झोपता अभ्यास करते. तिला घरची आठवण येत नाही. शेवटी तर त्यांनी हात सैलच सोडला: तिच्यावर आणखी दोन विषय टाकले तरी चालतील!

आठवड्याने ऋचाचा फोन आला.

"बाबा, काय लिहिलंस तू?"

"का? आवडलं ना त्यांना?"



"मी एका सत्राची सुट्टी मागितली होती रे. दीड महिना झोप नाही. डॉक्टरच म्हणाले, घरी जा. आता ऑफिसवाले म्हणतात, तुझ्या घरच्यांना तर काहीच काळजी वाटत नाही! अर्ज अडकलाय."

"मग मला सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं. दिवाळीत. तू म्हणालास, थंडीने होतं, स्वेटर घाल."

मंदाकिनीबाईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

दुसरं उत्तर तीन ओळींचं झालं. आधी लिहिलं ते चूक आहे. मी तिला विचारलंच नव्हतं. तिला घरी पाठवा. व्याकरण तपासायचंही राहिलं.

ऋचा आली. नुसती हाडं उरलेली! आली ती आडवीच झाली. दुपार टळली तरी उठेना. श्यामसुंदरराव दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले.

"आली का परदेशची पाहुणी?" शेजारच्या सुशीलाबाई जिना चढत म्हणाल्या.

"शू! हळू बोला! पोरीचा आत्ता कुठे डोळा लागलाय!" ते असे गरजले, की खालच्या दुकानदारानेही वर पाहिलं.

दार उघडलं. सुजलेल्या डोळ्यांची ऋचा उभी होती.

"बाबा, तूच ओरडतोयस."

"सॉरी गं. जा, झोप परत."

"आता झोप नाही येणार," ती म्हणाली आणि त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

आणि पुढचे दोन दिवस झोप खरंच नाही आली!