टोपीवालीची सावड

आमच्या आळीत कोणाचं लग्न असलं, की अनसाकाकी मांडवाच्या अगदी कडेची खुर्ची धरते. सुरुवातीला ती सगळ्यांसारखीच असते. हातात अक्षता, डोक्यावर पदर, नवरीच्या साडीबद्दल एखाददुसरा शेरा. मग मधेच तिची चुळबुळ सुरू होते. मागे एका लग्नात तर पहिल्याच ‘सावधान’ला तिने मूठभर अक्षता एकदम उधळल्या, त्याही पुढच्या माणसाच्या टकलावर, आणि ताडकन उठली. “सरका गो, सरका. माझी वांगी आली!” असं म्हणत, बायकांच्या पायांवर पाय देत ती बाहेर पडली. नवरीकडच्या पाहुण्यांना वाटलं, बाई घरी गॅसवर भाजी ठेवून आली असेल. मी मागोमाग गेलो तेव्हा काकी लाइटच्या खांबाला टेकून, चष्मा कपाळावर सरकवून, मोबाइलमधली वांगी तोडत होती.

ह्या मोबाइलच्या खेळात एक शेत असतं. बोटाने नांगरायचं, बोटाने पेरायचं. गहू पाच मिनिटांत होतो, मका अर्ध्या तासात आणि वांगी दोन तासांत. लोक हा खेळ बसून खेळतात. काकी तो पळत खेळते. वय अठ्ठावन्न, अंगाने काटक, आणि पायाला जन्मापासून भिंगरी. दोन वर्षांपूर्वी पुण्याची सून सुट्टीला आली होती. सासू दिवसभर घरात येरझाऱ्या घालते, फडताळातली भांडी काढून पुन्हा लावते, हे बघून तिनेच मोबाइलवर खेळ घालून दिला. “आई, आता जरा एका जागी बसाल,” असं ती म्हणाली. तिचा हेतू चांगला होता, एवढंच मी म्हणेन.

माझं किन्हवलीच्या स्टँडसमोर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. त्यामुळे गावातल्या प्रत्येक मोबाइलचं दुखणं माझ्याकडे येतं. काकी शेजारीण, त्यात माझ्या आईची जुनी मैत्रीण. ती दिवसातून तीनदा येते आणि रांग वगैरे तिला लागू नसते. “परश्या, गाय हंबरतेय, बघ.” “परश्या, कोंबडीच्या डोक्यावर हे लाल काय आलाय?” उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेले लोक आधी चमकतात, मग मान पुढे करून कोंबडी बघतात.

रेंज हा तिचा दुसरा ध्यास. बहीण तानसाकडे दिली आहे. तिथे घरात रेंज येत नाही, म्हणून बहिणीकडे ती आता जेवायला जाते आणि हात वाळायच्या आत परत निघते. लेक उंबरमाळीजवळ असते. तिथे पाण्याच्या टाकीवर चढलं की दोन दांड्या येतात. जावयाने सासूला टाकीवरून खाली उतरवण्यासाठी एकदा मला फोन केला होता. मुरबाडहून येताना तर तिने चढावर एसटी थांबवायला लावली. कंडक्टर म्हणाला, “मावशी, उलटी होतेय काय?” ही म्हणाली, “नाय रे बाबा, मका करपंल.” मोबाइलमधला मका करपत नाही, हे मी तिला दहा वेळा सांगितलं आहे. ती म्हणते, “तुला काय ठावं शेतीतला?”

हे मात्र खरं. शेतीतलं मला काही कळत नाही आणि काकीला सगळं कळतं. म्हणून ती खेळातसुद्धा खेळाचं ऐकत नाही. वसुबारसेला तिने मोबाइलमधल्या गायींचं दूध काढलं नाही. दिवसभर त्यांच्या डोक्यावर बादलीची खूण लुकलुकत राहिली. “आज वासराला पिऊ दे,” असं म्हणून तिने मोबाइल पालथा घातला. वांग्याला ती दोन तास पुरे मानत नाही. खेळ ‘तयार’ म्हणाला तरी आणखी थोडी वाट बघते. आणि भात तर ती लावतच नाही. खेळात भाताचं बी टाकलं की रोप तिथंच वाढतं आणि तिथंच पिकतं; राब भाजून रोपं करायची नाहीत, आवणीला ती उपटून चिखलात लावायची नाहीत. “राब नाय, आवणी नाय, चिखलात पाय नाय. असा भात कोण खाईल?” असा तिचा सवाल आहे. खेळ बनवणाऱ्यांकडे त्याचं उत्तर असेल असं मला वाटत नाही.

काकीचा खरा भात होता. गावाच्या वरच्या अंगाला, ओहोळालगत. दिरांनी मिळून सगळ्यांची जमीन बंगल्यांच्या एका स्कीमला विकली, त्यात हिचाही तुकडा गेला. आता तिथे मोठं फाटक आहे आणि आत हिरवळ. त्या हिरवळीला पाणी घालायला आमचे बळीरामकाका जातात, म्हणजे काकीचे यजमान. काका मुळात कमी बोलतात, हल्ली आणखी कमी. काकी मात्र एकच वाक्य बोलते आणि आळीभर ऐकू जाईल असं बोलते. “गवात लावलाय तिथं, गवात! आमी जलमभर उपटला ते!” त्या वाटेने मात्र ती जात नाही. मुरबाडची गाडी पकडायला सुद्धा लांबून वळसा घालते.

तर खेळातल्या शेजाऱ्यांची गोष्ट. ह्या खेळात आपल्याला शेजारी मिळतात. कोण कुठला पत्ता नाही. नावं अशा लिपीत की माझ्याही डोक्यावरून जातात. हे शेजारी येऊन आपल्या झाडांना पाणी घालू शकतात. काकीने ही सोय बघितली आणि लगेच ओळखली. “ही सावड हाय,” ती म्हणाली.

सावड म्हणजे आमच्याकडची रीत. आज तुझ्या शेतात आम्ही दहाजणी, उद्या त्या दहांच्या शेतात तू. मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही, आणि विसरणं तर नाहीच. काकी आवणीला रांगेत सगळ्यांच्या पुढे असायची. तिचा हात धरील अशी दुसरी बाई नव्हती, हे माझी आई आजही कबूल करते. तेव्हा मोबाइलमध्ये कोणा परमुलखातल्या माणसाने काकीच्या झाडाला पाणी घातलं, की ती हातातलं काम टाकून त्याच्या शेतात जाणार आणि दोन झाडांना जास्तच घालून येणार. अंगावर कोणाची सावड ठेवून ती जेवायलासुद्धा बसत नाही.

अशी सगळ्यांची फिटत होती. एकीचीच राहिली. तिचं नाव काकीने टोपीवाली ठेवलं होतं. डोक्यावर गवताची मोठी टोपी, कमरेला फडकं, आणि रोज सकाळी अकराच्या ठोक्याला फाटकावर हजर. काकीने होकाराचं बटण दाबलं की ती आत येऊन भराभरा सगळी वांगी उतरवायची, हात हलवायची आणि जायची. बाकी शेजाऱ्यांवर बोट ठेवलं की त्यांचं शेत उघडतं. हिच्यावर बोट ठेवलं की ही नुसती हात हलवते.

काकीने तिचा सगळा इतिहास जुळवून ठेवला होता. अकराला येते म्हणजे पोरं शाळेत घालून येते. टोपी घालते म्हणजे उन्हाने डोकं दुखतं. कधी पाणीसुद्धा मागत नाही, म्हणजे सासू कडक असणार. “पण परश्या, तिच्या शेताचा फाटक कुठं हाय?” हा प्रश्न तिने मला पहिल्यांदा श्रावणात विचारला. मग गणपतीत विचारला. नवरात्रात रोज विचारला. दिवाळीपर्यंत तिची झोप उडाली. दुकानात यायची, बाकावर बसायची, उठायची, बाहेर जाऊन यायची. “चार महिने राबते बिचारी. मी एकदा नाय गेले तिच्याकडं. काय म्हणत असंल मला?”

भातकापणी तोंडावर आली होती, दुकानात फॉर्मांची गर्दी होती आणि सर्व्हर सकाळपासून बंद होता. त्यात काकी तिसऱ्यांदा आली. माझा तोल गेला.

“काकी, ती कोणी बाई नाहीये! खेळवाल्या कंपनीने ठेवलेलं चित्र आहे ते. सगळ्यांकडे जातं!”

मला वाटलं होतं, काकी चिडेल. ती उलट हिशेबाला लागली.

“कंपनीनं ठेवलेय? म्हणजे पगारी?”

“पगारी नाही.”

“अन् सगळ्यांच्याकडं जाते?”

“हो. लाखो लोकांकडे.”

“मग तिच्या शेतावर कोण जातो?”

“तिला शेतच नाही, काकी!” मी ओरडलोच. “शेत नाही, घर नाही, काही नाही! म्हणून उघडत नाही!”

काकी बाकावर बसली. गेल्या दोन वर्षांत मी तिला इतकी स्वस्थ बसलेली पाहिली नव्हती. मोबाइल हातात होता, त्यावर गाय हंबरत होती, आणि काकी तिच्याकडे बघतही नव्हती.

“शेत नाय,” ती म्हणाली. “तरी हिला सावडीला घेतात?”

तिने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

“आमच्यात नाय घेत रे. जिला शेत नाय तिला कशी बोलवायची? फेडायची कुठं? दोन वर्सं झाली. बायका माझ्या दारावरून इळं घेऊन जातात, बोलतात, हसतात, अन् उद्या कोणाकडं ते बोलत नायत माझ्यासमोर. वायट नायत रे त्या. मीपण नसती बोलवली.” ती उठली, पदर नीट केला. “पण हिला घेतात. बरा हाय.”

आणि निघून गेली. गायीला चारा न घालता.

मला स्वतःची लाज वाटली. सर्व्हरची चीड मी एका बाईवर काढली, ही एक गोष्ट. त्याहून मोठी ही, की दोन वर्षं मी तिच्या टाकीवर चढण्याला आणि एसटी थांबवण्याला हसत होतो, चार ठिकाणी रंगवून सांगत होतो, आणि ही बाई लग्नातून उठून कुठे पळते हे मला कळलं नव्हतं.

दिवेलागणीला घरी आलो तर आई धार लावून आणलेले विळे मोजत होती. दुसऱ्या दिवशी आमची कापणी. मी म्हटलं, “अनसाकाकीला बोलाव.”

आईचा चेहरा उतरला. “मला काय वाटत नाय काय रे? पण फेडायची कुठं? तिचा शेत गेला, दारात आता नुसती फरशी. फुकट राबवून घेतली असा होईल. तिलाच आवडायचा नाय.”

“तिला शेत आहे,” मी म्हटलं. “मी फेडतो.”

आईला समजावून सांगायला तासभर लागला. मोबाइलमधली वांगी खाता येत नाहीत इथपासून सुरुवात होती. शेवटी तिने मला एवढंच विचारलं, “अनसा त्या शेताला खरा मानते ना?” मी हो म्हटलं. मग आईने चपला घातल्या. सावडीचं बोलावणं फोनवर करत नाहीत, दारात जाऊनच करायचं असतं.

मी अंगणातच उभा राहिलो. आई म्हणाली, “अनसे, उद्या आमची कापणी हाय. इळा घेऊन ये.”

काकी दारात येऊन उभी राहिली. “वयनी, मी कशी येऊ? माझी फेडशील कुठं?”

“परेस फेडील. तुझ्या वांग्यांत.”

काकीने माझ्याकडे पाहिलं. मी माझा मोबाइल वर करून दाखवला. खेळ नुकताच उतरवून घेतला होता, माझं शेत अजून नांगरायचं होतं. आतून काकांचा आवाज आला, “जा की.” त्या महिन्यात मी ऐकलेला त्यांचा तो बहुधा एकच शब्द असेल, फार तर दोन.

सकाळी आम्ही शेतावर पोचलो तेव्हा काकी बांधावर येऊन बसली होती. स्वतःचा जुना विळा, मुठीला नवं फडकं गुंडाळलेलं. तिने आपला मोबाइल माझ्या हातात दिला, जरा जड हाताने. “गाईंना आधी. मग मका. वांग्यांना हात नाय लावायचा, मी सांगंन तेवा.” बायकांनी तिला बघितलं आणि कोणी काहीच विचारलं नाही. फक्त एकीने सरकून रांगेत पुढची जागा मोकळी केली. काकी वाकली, आणि नऊ वाजेपर्यंत बाकीच्या तिच्या मागे दहा हात होत्या.

मी बांधावरच्या आंब्याखाली बसून फेडत होतो. चेष्टा नाही, घाम निघतो. चारा घालावा तर मका होतो, मका काढावा तर कोंबड्या ओरडतात. मधूनच मान वर न करता काकीचा आवाज यायचा. “परश्या, चारा?” “घातला!” “मका?” “काढतोय!” “हातावर हात ठेवून बसू नको!” सगळ्याजणी खदाखदा हसायच्या, त्यात माझी आई सगळ्यांत मोठ्याने.

अकरा वाजले आणि पडद्यावर फाटकाजवळ ती आली. गवताची टोपी, कमरेला फडकं.

“काकी, टोपीवाली आली गो!”

काकी उभी राहिली. मनगटाने कपाळ पुसलं. तिच्या मागे कापलेल्या भाताची लांब ओळ पडली होती, आणि हातात अजून एक मूठ होती. ती मूठ तिने खाली ठेवली.

“तिला सांग, आज काम नाय,” ती म्हणाली. “म्हणावं, काकी सावडीला गेलेय. तू आपली बस सावलीत.”

आणि पुन्हा वाकली. त्या बाईला बसायला कसं सांगायचं, त्याचं बटण त्या खेळात नाही. मोबाइलवर उन्हाची तिरीप येत होती, म्हणून मी तो आंब्याच्या बुंध्याशी सावलीत सरकवून ठेवला.