मंडळाला बसायला जागा

कोणत्याही हक्काचे रक्षण करायचे म्हटले, की आधी रक्षण करणाऱ्यांना बसायला जागा लागते. उभ्याने अन्याय दूर झाल्याचे एकही उदाहरण आमच्या दप्तरी नाही.

सन १९६३च्या जूनमध्ये दारव्ह्यास ‘स्त्री व बालक हितरक्षण विभागीय मंडळ’ स्थापन झाले, तेव्हा पहिला प्रश्न हाच निघाला. मी मंडळाचा लेखनिक. बाभुळगावपासून झरी-जामणीच्या जंगलापर्यंतच्या समस्त स्त्रिया व बालके त्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या रक्षणाखाली आली. (त्यांना तसे कळविण्याचा विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला.)

अध्यक्ष होते त्र्यंबकराव देशकर, वकील. अत्यंत न्यायी गृहस्थ. घरात मतभेद झाला तर दोन्ही बाजू ते स्वतःच मांडत आणि निकालही स्वतःच देत. सदस्य एकूण सात. पैकी एक तरी महिला हवी, आणि ती प्रत्यक्ष हजर असल्याखेरीज सभा कायदेशीर नाही, असा नियम वरूनच आला होता. सहाही सदस्यांनी एकमेकांच्या पत्नींची नावे मोठ्या आदराने सुचवली. आपली पत्नी मात्र कोणालाच मोकळी आढळली नाही. शेवटी तीन मैलांवरच्या तांड्याचे नाईक हिरासिंग यांच्या पत्नी धनीबाई यांची एकमताने निवड झाली. त्या घरी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलत. मराठी त्यांना समजत नसावी असा सर्वांचा अंदाज होता. (अंदाज चुकला. त्याबद्दल कोणालाही जबाबदार धरण्यात आलेले नाही.)

आता जागा. बाजार समितीच्या खोलीत गलका फार. दवाखान्यामागच्या खोलीत डीडीटीची पोती. गावात पक्क्या भिंती, दोन खिडक्या आणि न गळणारे छप्पर एकाच खोलीला होते, आणि तीत मुलींची शाळा भरे. मुलींच्या हितासाठी मुलींचीच खोली घ्यावी, यात कोणालाही काही वावगे दिसले नाही. तेवीस मुली आणि त्यांच्या शिक्षिका सत्यभामाबाई यांना समोरच्या कडुलिंबाखाली बसवण्यात आले. मोकळ्या हवेत बालकांची प्रकृती सुधारते, असे ठरावातच नमूद केले. बालकांच्या प्रकृतीसाठी मंडळाने उचललेले ते पहिले पाऊल.

कडुलिंब बाजाराच्या रस्त्यावर होता. बैलगाड्या तिथेच सुटत. मुली पाढे म्हणू लागल्या की गाडीवाले बिड्या ओढत ऐकत उभे राहत आणि चुकेल तिला हसत. “रस्त्यावर बसवाले का पोरगी शायेत धाडली?” असे म्हणून एकेक बाप आपली मुलगी घरी नेऊ लागला. दोन महिन्यांत तेवीसच्या चौदा झाल्या. मंडळाने याची तातडीने दखल घेतली: ‘मुलींच्या शिक्षणाची स्थिती चिंताजनक असून, मंडळाची किती गरज होती हे यावरून सिद्ध होते.’

ऑगस्टात मंडळाकडे पहिली तक्रार आली. सर्वांना अतिशय आनंद झाला. अध्यक्षांनी ती उभे राहून स्वीकारली आणि पेढे मागवले. पेढे खाऊन झाल्यावर मी ती वाचून दाखवली. तक्रार सत्यभामाबाईंची होती आणि मंडळाविरुद्ध होती.

सुनावणी त्याच खोलीत झाली. खुर्च्या सातच असल्यामुळे बाई दाराशी उभ्या होत्या.

“साहेब, नऊ मुली गेल्या,” त्या म्हणाल्या. “मी घरोघर जाऊन आले. उरलेल्याही जातील. आम्हाला आमची खोली द्या.”

“बाई, तुमची कळकळ आम्हाला समजते,” अध्यक्ष म्हणाले. “पण मंडळच रस्त्यावर आलं, तर या मुलींना न्याय कोण देणार?”

या युक्तिवादावर सदस्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात दोन महिने गप्प बसलेल्या धनीबाईंनी विचारले, “वकीलसायेब, हे खोली कोनाची होती?”

“शाळेची.”

“मंग पोरी बाहीर काहून?”

“त्यांच्याच हितासाठी, धनीबाई.”

“मले हित-बित समजत नाही. पर एवढं दिसते, का पोरीईले बाहीर काढून आपुन आत बसून राह्यलो.”

एवढे बोलून त्या उठल्या, आपली खुर्ची उचलली, बाहेर जाऊन कडुलिंबाखाली ठेवली आणि तीवर बसल्या.

महिला सदस्य बाहेर गेल्याने आतली सभा बेकायदेशीर झाली आहे, हे निदर्शनास आणणे माझे कर्तव्य होते. ते मी केले. अध्यक्षांनी दहा मिनिटे नियमावली चाळली. ते वकील होते. नियमापुढे त्यांचा नाइलाज होता. एकामागोमाग सहा खुर्च्या झाडाखाली आल्या.

एका मुलीने पाटी छातीशी धरून विचारले, “बाई, आता आमी आत जाऊ?”

“जा,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. (रस्त्यावर धूळ फार असे.)

पुढल्या तीन सभा कडुलिंबाखाली झाल्या. इतिवृत्तावर कावळ्यांनी वेळोवेळी आपले मत नोंदवले. गाडीवाले आता सदस्यांना हसू लागले. सभा संपली की धनीबाई खोलीत जाऊन मुलींच्या रांगेत बसत आणि अक्षरे गिरवत. घरी गेलेल्या नऊ मुलींपैकी पाच परत आल्या.

परंतु मंडळाची प्रतिष्ठा हाही हक्कच आहे. ऑक्टोबरात नियमात छोटीशी दुरुस्ती मंजूर करून आणण्यात आली: ‘महिला सदस्य’ या शब्दांपुढे ‘अथवा तिचे पालक’ हे शब्द घालण्यात आले. पुढल्या सभेचे पत्र, पती म्हणजेच पालक या नात्याने, थेट हिरासिंग नाईकांना गेले. ते भले माणूस. “थे असतानी तिच्या जागी मी कायले?” एवढेच त्यांनी विचारले.

“हा तुमचा सन्मान आहे,” अध्यक्ष म्हणाले.

हिरासिंग थोडा वेळ उभे राहिले आणि मग बसले. खोलीत बसले, कारण सभा आता खोलीतही कायदेशीर होती. मुली झाडाखाली गेल्या. सत्यभामाबाईंची बदली झरीच्या पलीकडे झाली. त्या भागातील बालकांनाही चांगल्या शिक्षिकेचा हक्क आहेच. बदली शिक्षिका आली नाही, म्हणून मुली आल्या नाहीत, म्हणून शाळा बंद झाली. वार्षिक अहवालात मी लिहिले: ‘वर्षअखेर एकही तक्रार शिल्लक नाही.’

धनीबाईंनी राजीनामा दिला. दोन ओळींचा, वाकड्यातिकड्या अक्षरांत, खाली स्वतःच्या हाताने सही. तोवर त्या अंगठा देत. हिरासिंगांनी तो स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मी काही पुन्हा येनार नाही.” त्यांना वाटले एवढ्याने झाले. परंतु राजीनाम्यावर पालकाची सही नसल्याने तो अपूर्ण ठरला, आणि धनीबाई अद्याप आमच्या सदस्या आहेत.

हे सर्व तुम्ही लक्षपूर्वक वाचलेत. अध्यक्षांचे नाव तुम्हाला पाठ झाले असेल. खुर्च्या किती, हेही सांगता येईल. त्या तेवीस मुलींपैकी एकीचेही नाव मी सांगितले नाही, आणि इतक्या वेळात ते तुमच्याही ध्यानात आले नाही. असे सहृदय लोक मंडळाला नेहमीच हवे असतात. अर्ज साध्या कागदावर चालेल.